मामांचा पावतीवाला गेम

फुकट या गोष्टीचा आमच्या आत्याच्या यजमानांइतका द्वेष करणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून दुसरा नाही, आणि तिसरा तालुका धुंडाळायची माझी तयारी आहे. त्यांना मी मामा म्हणते. घर निमगाव सावात, आणि हयात गेली बेल्ह्याच्या बैलबाजारात, दलाल म्हणून. एका साबणावर एक साबण फुकट मिळाला तर हा माणूस दुसरा साबण दुकानदाराच्या गल्ल्यावर परत ठेवतो आणि वर म्हणतो, "पैसं एकाचंच दिल्यात. ह्यो ज्याचा आसंल त्याला दे." गावात मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं तेव्हा डोळे तपासून झाल्यावर मामांनी डॉक्टरीणबाईंकडे पावती मागितली. पावती नसते म्हटल्यावर पिशवीतून चार वांगी काढून टेबलावर मांडली. "मंग ही घ्या. फुकट तपासलेलं डोळं मला चालायचं न्हाईत." बाईंनी वांगी घेतली. बिचाऱ्या काय करणार, मागे रांग खोळंबली होती.

आणि मी? मी पत्रकं लिहिते. घोडेगावात राहते, मंचरच्या चौकात आणि जुन्नरच्या बसथांब्यावर उभी राहून वाटते. माझ्या निम्म्या पत्रकांचा मथळा 'मोफत' या शब्दानं सुरू होतो. मोफत अभ्यासिका, मोफत पास, मोफत पाणी. शुल्क हा शब्द नुसता दिसला तरी माझे हात शिवशिवतात. तेव्हा आमचं दोघांचं पटणं शक्यच नव्हतं. आणि तरी गेल्या काही वर्षांत ज्या लढ्यासाठी मी सर्वांत जास्त घसा कोरडा केला तो लढा मामांचा होता आणि त्याची मागणी होती, शुल्क ठेवा. हे मी इथे छापील कबूल करते. ज्यांना हसायचं त्यांनी आधी हसून घ्यावं आणि मग पुढे वाचावं.

मामांना संगणकाचा नाद लागला तो सगळं बंद होतं त्या काळात. बेल्ह्याचा बाजारही बंद. पुण्यात कंपनीत असलेला माझा आतेभाऊ आपला भलामोठा संगणक टेंपोत घालून घरी आला, आणि कामातून उसंत मिळाली की एक गेम खेळू लागला. जगभरची हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी एकाच जगात शिरतात, कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, कुणी राक्षस मारतो, कुणी गढी जिंकतो, त्यातला हा गेम. मामा मागे खाटेवर बसून बघत. आठ दिवस अक्षर बोलले नाहीत. नवव्या दिवशी मुलाच्या योद्ध्यानं पडद्यावर एक घोडा विकत घेतला आणि मामा ताडकन उठून जवळ आले.

"दात बघितलं का?"

"अण्णा, गेम आहे हा."

"आसूंदे गेम. दात बघितल्याबिगर घेतला कसा?"

"यात दात नसतात, अण्णा."

"मंग चाल तरी बघ की लेका. मागचा डावा पाय वढतोय त्यो."

आतेभावानं चिडून घोडा गोल फिरवून दाखवला. मागचा डावा पाय खरोखरच बाकीच्या तीन पायांपेक्षा जरा उशिरा उचलत होता. ज्या कंपनीनं तो घोडा घडवला तिलाही ही खोड माहीत नसावी. त्या दिवसापासून आतेभावानं मामांना विचारल्याशिवाय गेममधलं एकही जनावर घेतलं नाही, आणि पुढे कामावर परत जाताना नवा लॅपटॉप घेऊन तो जुना संगणक त्यानं मामांसाठी ठेवून दिला.

असल्या कुठल्याही गेममध्ये शिरायचं तर आधी देह निवडावा लागतो. नाजूक कानांचे राजबिंडे तरुण, चंदेरी केसांच्या सुंदऱ्या, काय हवं ते. मामांनी तासभर सगळे देह पुढून, मागून, खालून बघितले आणि एक हिरव्या कातडीचा शिंगाळा धिप्पाड गडी घेतला, कारण "पाठ भरल्याली हाय आन् शिंगं येकसारखी हायेत." नाव ठेवलं पाखऱ्या. त्यांच्या हातून विकला गेलेला पहिला बैल पाखऱ्या होता. या पाखऱ्यानं आजतागायत एकही राक्षस मारलेला नाही. माळावर हिंडून रानटी जनावरं धरायची, त्यांना माणसाळवायचं आणि गेममधल्या शहराच्या चौकात उभं राहून विकायची, एवढंच त्याचं काम. मामा रोज दुपारी जेवण उरकलं की पाय धुतात, डोक्यावर टोपी ठेवतात, खांद्यावर टॉवेल टाकतात आणि मगच संगणकापुढे बसतात. घरात बसून टोपी कशाला, असं आत्यानं एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाजारात बोडकं जाऊ का?"

मामांना इंग्रजी येत नाही. समोरच्या गिऱ्हाइकांना मराठी येत नाही. पण बेल्ह्याच्या बाजारात तरी दलाल कुठे तोंडानं बोलतो? टॉवेलाखाली दोघांचे हात जातात, बोटं धरली जातात, सोडली जातात, आणि भोवतीच्या शंभर माणसांना भावाचा पत्ता लागत नाही. मामांनी तोच टॉवेल गेममध्ये नेला. गेममधली पात्रं वाकून नमस्कार करतात, उड्या मारतात, टाळी वाजवतात. मामांनी ठरवून टाकलं: एक नमस्कार म्हणजे हजार मोहरा, एक उडी म्हणजे शंभर. आणि चारचौघांत नाही, लोहाराच्या दुकानामागे. त्यामुळे जगातले भले भले योद्धे मामांच्या मागोमाग त्या दुकानाच्या पाठीमागे जाऊन मुकाट्यानं वाकत आणि उड्या मारत. सौदा ठरला की टाळी. टाळी झाली की जनावराचं दावं गिऱ्हाइकाच्या हातात. पैसे? पैसे पुढच्या बाजाराला. आठ दिवसांनी. बेल्ह्यात टाळी झाली म्हणजे झाली. त्यानंतर कुणी कुणाला विचारत नाही.

इथेच मामांनी ती चूक केली. माझ्या मते आपल्या पट्ट्यातल्या माणसाशिवाय दुसरा कुणी ती करणार नाही.

आतेभाऊ स्वतः खेळायचा तो महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचा गेम होता. पण वडिलांसाठी दरमहा कशाला भरा, म्हणून जाताना त्यानं मामांना आधी दुसऱ्याच, फुकटच्या गेममध्ये बसवून दिलं. "अण्णा, हा फ्री आहे, निवांत खेळा." मामांचं तोंड तेव्हाच वाकडं झालं होतं. फाटकात पाय ठेवायला काही पडत नाही हे खरं; पण आत गेल्यावर पावलापावलावर दुकान. तलवार हवी, टाका पैसे. लवकर चालायचंय, टाका पैसे. एक बंद पेटी दिसते, तिच्यात काय आहे ते पैसे टाकल्यावर कळणार. मामांनी ती पेटी बघितली आणि डोक्याला हात लावला. "म्हंजी जनावराच्या अंगावर झूल टाकायची, तोंड बी झाकायचं, आन् म्हनायचं घ्या? आमच्यात आसल्या दलालाला बाजारातनं हाकलला आसता." ज्याचा बाप पैसेवाला त्याला सोनेरी पंख, आणि ज्यानं महिनाभर राबून एक मेंढा माणसाळवला त्याच्या डोक्यावरून हा पंखवाला भुर्रकन जाणार. जत्रेतल्या पाळण्यात फुकट बसवायचं आणि पाळणा वर गेल्यावर खाली उतरायचे पैसे मागायचे, असा एकूण कारभार. असल्या एका पंखवाल्याशी एका झाडाखाली मामांचा सौदा ठरला. सहा पायांचा मेंढा, महिन्याची मेहनत. टाळी झाली. मामांनी दावं हातात दिलं. पंखवाला उडाला.

मामा आठव्या दिवशी त्याच झाडाखाली जाऊन उभे राहिले. नवव्या दिवशीही. दहाव्या दिवशी मुलाला फोन लावला. मुलगा हसला. "तो कशाला येतोय आता, अण्णा? त्यानं ते नाव टाकून दिलं असेल. तिथं दोन मिनिटांत नवं नाव मिळतं." मामांनी फोन ठेवला आणि आत्याला म्हणाले, "नाव टाकून देत्यात?" आत्या म्हणाली, देत असतील. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आगं, पर नाव कसं टाकून देत्यात?" आत्या सांगते, मेंढा गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्या एका वाक्यानं मात्र त्यांनी दोन दिवस भाकरीचा तुकडा मोडला नाही. तिसऱ्या दिवशी हुकूम सोडला, मला तुझ्या पावतीवाल्या गेममधी घाल. त्यांच्या बोलण्यात तेव्हापासून जगातल्या गेमचे दोनच प्रकार: फुकटा आणि पावतीवाला. बाजारात जनावर उभं करायचं तर पावती फाडावी लागते, त्यावरून हे नाव. आतेभावाच्या कार्डावरून महिन्याचे पैसे जातात, आणि मामा त्या बदल्यात दर महिन्याला त्याच्याकडे पुण्याला कांद्याची गोणी पाठवतात. आतेभावाच्या दोन खोल्यांत कांदे मावत नाहीत, पण फुकट काही घेणार नाही म्हणजे नाही.

पावतीवाल्या गेममध्ये जाऊन या माणसानं शहाणं व्हावं की नाही? तिथेही तोच पाखऱ्या, आणि पहिल्याच महिन्यात तीच टाळी, तेच दावं गिऱ्हाइकाच्या हाती. या वेळी गिऱ्हाईक होता ब्राझील देशातला एक ट्रकवाला, हे आतेभावानं नंतर विचारून काढलं. आत्या कडाडली. "आवं, एकदा फसून बी आक्कल न्हाई आली का तुमाला?" मामा शांतपणे म्हणाले, "फसलो व्हय? त्ये गिऱ्हाईक बाजार नसल्याल्या जागी भेटलं व्हतं, यवढंच." आणि आठव्या दिवशी तो ट्रकवाला आला. मोहरा घेऊन आला, आणि वर मामांच्या पाखऱ्यासाठी एक टोपी घेऊन आला. मामांनी गावात पेढे वाटले. काय आनंदाची बातमी, म्हणून लोकांनी विचारलं, तर सगळ्यांना एकच उत्तर: "बराझीलचा पावना शब्दाला जागला." निम्म्या गावाची अजून समजूत आहे की आत्याच्या घरची सोयरीक परदेशात जुळली.

या विषयावर आमची पहिली जुंपली ती त्या पेढ्यांवरूनच. मी म्हटलं, मामा, तुमची पावती म्हणजे फाटकावरचा रखवालदार आहे. ज्याच्याकडे कार्ड नाही, त्यानं खेळायचंच नाही? माझ्या गावातल्या मुलींनी काय करायचं? त्यांचे कांदे कोण घेणार? मामांनी टोपी काढली. ते हरत आले की टोपी काढतात.

"त्ये खरं हाय तुजं," म्हणाले. "पर मला सांग पोरी, पावती किती रुपायची हाय?"

"तुम्ही सांगा."

"किती बी आसंल. सरपंचाला बी तेवडीच आन् मला बी तेवडीच. आत गेलं का सरपंच न्हाई, पाटील न्हाई, सायेब न्हाई. ज्यानं जनावर धरलं त्याचं जनावर. आन् पावती फाडल्याली हाय म्हनून मानूस नाव संबाळून ऱ्हातो. फुकट्यात काय? फाटक उगडं आन् आतल्या आत इकायला काडलंय समदं. त्येला तू मोफत म्हनतीस? तुज्या पत्रकात ल्ही की यकदा, मोफत कशाला म्हनत्यात ते."

मोफत अभ्यासिकेची मागणी करताना मी कधी आत सोनेरी पंखांची खुर्ची वेगळी विकायला ठेवा असं म्हटलं नव्हतं. खरं मोफत म्हणजे सगळ्यांचं आणि सारखं. पंखांचे पैसे लावून फाटक उघडं टाकणाऱ्यांनी आमचा शब्द चोरला आहे. ही चोरी आहे, आणि मी ती चोरीच म्हणणार.

तर अशा त्या पावतीवाल्या गेमवर घाला आला. कंपनीनं जाहीर केलं की येत्या महिन्यापासून आपला गेम सर्वांसाठी विनामूल्य होत आहे. आणि त्याच पत्राच्या तळाला बारीक अक्षरात, की शहराच्या चौकात आमचं नवं दुकान उघडत आहे, तिथे उत्तमोत्तम जनावरं तत्काळ मिळतील. चौकात, म्हणजे पाखऱ्या जिथे उभा राहायचा तिथेच. मला मामांचा फोन आला.

"पोरी, तुजं एक पत्रक पायजे."

"कशाबद्दल?"

"पावती ऱ्हाऊद्या म्हनून."

मी फोन ठेवला. मग स्कूटी काढली, नारायणगावावरून निमगावला गेले आणि मामांच्या ओट्यावर बसून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लिहिलं: 'आमचे शुल्क आमच्या हक्काचे आहे! बाजाराचा मॉल होऊ देणार नाही! नावाला जागणाऱ्यांचा चौक नाव विकणाऱ्यांच्या घशात घालू नका!' आतेभावानं त्याचं इंग्रजी केलं, ट्रकवाल्यानं त्याच्या भाषेत केलं, आणि ते पत्रक चौकात फिरलं. रविवारी भर दुपारी ठिय्या ठरला. त्या गेममध्ये पात्रांना खाली बसता येतं. दोनशेच्या वर योद्धे, मांत्रिक आणि कोण कोण त्या चौकात मांडी घालून बसले, सगळ्यांत पुढे हिरवा शिंगाळा पाखऱ्या, डोक्यावर ब्राझीलची टोपी. इकडे मामाही खाटेवर मांडी घालून बसलेले. आत्यानं ताट आणलं तर हात आडवा केला. "उपास हाय."

"मामा, ठिय्याला उपास नसतो," मी म्हटलं. मला यातलं कळतं.

"आसूंदे. आमच्यात हाय."

"मंग आधी सांगायचं व्हतं," आत्या म्हणाली. "भाकरी कशाला बडवल्या मी?" आणि तिनं ते ताट माझ्यापुढे सरकवलं. तेवढ्यात वीज गेली. बॅटरीवर एक तर संगणक चालणार नाहीतर पंखा. मामांनी पंख्याचं बटण स्वतः बंद केलं. त्या घामाच्या चिकचिकाटात आम्ही तिघं बसून होतो, आणि पडद्यावर कुणी हलत नव्हतं. मी पुष्कळ मोर्चे काढले आहेत. त्यात मागच्या रांगेतली माणसं हळूहळू चहाला सटकतात. इथे एकही सटकला नाही.

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं. आपल्या प्रेमाबद्दल आभार. जुन्या सदस्यांना आमच्याकडून सोनेरी पंखांची एक जोडी भेट. याला आमच्या भाषेत तोंड बंद करणं म्हणतात. मामांनी विचारलं, "फुकट?" आतेभाऊ फोनवर म्हणाला, "हो, फुकट." ती जोडी पाखऱ्याच्या पेटीत आजही गुंडाळलेली पडली आहे. मामा तिच्याकडे बघतही नाहीत.

फाटकं उघडली. चौकात पाय ठेवायला जागा राहिली नाही. जुनी माणसं एकेक करत गेली. ट्रकवालाही एक दिवस येऊन तीन नमस्कार घालून गेला, आणि मामांना क्षणभर वाटलं तीन हजारांची बोली लावतोय. मी मामांना सांगितलं, तुम्हीही सोडा. निषेध म्हणून सोडा! मामा भडकले.

"बाजारात चोर शिरलं म्हनून बाजार चोराचा व्हतो का गं? मी का जाऊ? त्यांनी जावं."

"मग निदान आधी पैसे घ्या आणि मग दावं द्या."

"आधी पैसं घेतलं तर माज्यात आन् त्या दुकानात फरक काय ऱ्हायला?"

दुकानातून जनावर पैसे टाकले की लगेच मिळत होतं. मामांकडे उधारीवर, टाळीवर मिळत होतं. त्यामुळे कालच जन्मलेली, वाटेल ती नावं लावलेली माणसं मामांकडे रांग लावू लागली. लोहाराच्या दुकानामागे नमस्कार, उडी, टाळी, दावं. अकरा जनावरं अकरा जण घेऊन गेले. आठवडे उलटले, एकही फिरकला नाही. आत्यानं मला फोन केला. नेहमी गडगडणारी आत्या हळू बोलत होती. "गोठ्यात तीन ऱ्हायलीत म्हनत्यात. तीन बी अशीच गेली तर बंद करनार हायेत. म्हनले, मंग समजन माजंच चुकत व्हतं, मानसं तशीच आसत्यात. आगं, गेमचं जाऊंदे. पर चाळीस वर्सं बाजार केल्याला मानूस आसं म्हनाया लागला तर मी घरात कुनासंगं ऱ्हाऊ?"

मी त्याच दुपारी तो गेम उतरवून घेतला. विनामूल्य. दोन मिनिटांत मला नाव मिळालं. चौकात गेले तर पाखऱ्या झाडाखाली बसलेला, टोपी घालून, भोवती पंखवाल्यांची गर्दी. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. तो उठला आणि लोहाराच्या दुकानामागे चालू लागला. मला भाषा ठाऊक होती, कितीतरी दुपारी मी त्यांच्या खाटेवर बसून ती बघितली होती. मामा पाच वेळा वाकले. मी दोनदा वाकले. दुसऱ्या कुणी लगेच मान्य केलं असतं, पण मला त्यांचा राग आला होता, सगळ्यांचाच आला होता, म्हणून मी शेवटपर्यंत ताणलं. तीन नमस्कार आणि चार उड्यांवर सौदा ठरला. टाळी झाली. एका तपकिरी घोडीचं दावं माझ्या हातात आलं आणि पडद्यावर मामांनी एकच आकडा टाइप केला: आठ.

तीन हजार चारशे मोहरा आठ दिवसांत कशा मिळवायच्या, हे मला विचारा. मी रानडुकरं मारली, पाला खुडला, कुणाकुणाच्या मेंढ्या नदीपार नेल्या. अभ्यासिकेची एक बैठक चुकवली आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दर पाच मिनिटांनी पडद्यावर पाटी यायची, इतकेसे रुपये टाका, मोहरा आत्ता मिळतील. दोनदा माझं बोट तिथवर गेलं होतं. टाकले नाहीत. आठव्या दिवशी दुपारी घोडीवर बसून चौकात गेले. पाखऱ्या माझ्याकडे बघून बसल्या जागेवरून उठला. मी मोहरा दिल्या. त्यानं त्या घेतल्या, पण गेला नाही. माझ्यासमोर खाली बसला, आणि मीही बसले, आणि आम्ही दोघं बराच वेळ तसे बसून राहिलो. दुकानातले पंखवाले डोक्यावरून जात होते.

दुसऱ्या दिवशी फोन. "पोरी, येक आला!"

"कोण आला?"

"नव्यातला. फुकट्यातला! आठव्या दिवशी आला, पैसं घिऊन आला. लई चिवट घासाघीस केली व्हती, म्हनून तवाच मला जरा वाटलं व्हतं. चांगल्या घरचा पोरगा आसंल."

"पोरगी पण असू शकते, मामा."

"आसंल की. पर तू लगीच त्याचं बी पत्रक काडू नको."

आजवर मी एकाही पत्रकात खोटी ओळ छापलेली नाही. त्या दिवशी फोनवर ती मीच होते हे मी सांगितलं नाही, आणि ते खोटं मी आता महिनोन् महिने वागवते आहे. ते नाव मी पुसलेलं नाही. आठवड्याला एकदा घोडीवर बसून चौकात जाते, मामांसमोर जरा वेळ बसते आणि परत येते. त्यांचे गुडघे आता दुखतात, बेल्ह्याला फारसं जाणं होत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की जगात एक तरी जागा अशी राहू दे, जिथे हा माणूस वेडा ठरणार नाही. आणि ती आयती मिळत नसेल तर मी ती एकटीनं तगवून धरीन, चोरून का होईना.

परवा पुन्हा फोन आला. त्यांचा आवाज या वेळी मोठा नव्हता.

"आजून येक आला."

मी नव्हते गेले. मी आतेभावाला विचारलं, त्यानं कित्येक महिन्यांत तो गेम उघडलेला नाही. आत्याला संगणक लावताही येत नाही. मी मामांना पुन्हा फोन केला आणि विचारलं, नाव काय होतं त्याचं?

"मला कुठं इंग्रजी वाचता येतंय, पोरी. पर जनावर न्हेलं तवाच त्याच्या डोक्यावरचं नाव कागदावर उतरून ठिवलं व्हतं, जशीच्या तशी अक्षरं काडून. आज त्यो आल्यावर कागूद धरला पडद्यापुडं. येकेक अक्षर लावून बघितलं. त्येच नाव घिऊन आला, बघ."